वेगाचे शरीरशास्त्र

आपल्या संस्थेच्या स्मरणिकेत बालरोगतज्ज्ञाने लिहावयाचे म्हटले, की लसीकरण, कुपोषण किंवा बालदमा यांपैकी एखादा विषय वाचकांनी गृहीत धरलेला असतो. शर्यतीच्या मोटारींवरील लेख पाहून काही सहकाऱ्यांच्या भुवया उंचावतील. परंतु या लेखाच्या अखेरीस विषय पुन्हा बालरोगशास्त्राच्याच अंगणात येतो, एवढे आश्वासन देऊन प्रारंभ करतो.

मानवी शरीराची घडण चालण्यासाठी आणि थोडेफार धावण्यासाठी झाली आहे. जगातील सर्वांत वेगवान धावपटूसुद्धा स्वबळावर ताशी पंचेचाळीस किलोमीटरचा वेग ओलांडू शकत नाही, आणि तोही काही क्षणांपुरताच. लक्षावधी वर्षांत आपली हाडे, आपल्या रक्तवाहिन्या, मेंदूभोवतीचे द्रवाचे आवरण आणि आपली प्रतिक्षिप्त क्रिया या वेगाशी जुळवून घेत आल्या. गेल्या सव्वाशे वर्षांत मात्र मोटारीने आपल्या हाती याच्या कितीतरी पट वेग दिला. शरीर तेच राहिले, वेग बदलला. या विसंगतीचा अनुभव सर्वांत स्पष्टपणे कोठे येत असेल, तर तो शर्यतीच्या बंदिस्त धावपट्टीवर.

ट्रॅक डे म्हणजे काय?

अतिवेगवान मोटारी सार्वजनिक रस्त्यावर न चालवता, शर्यतीसाठी बांधलेल्या मार्गावर, प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली चालवण्याचा दिवस म्हणजे ‘ट्रॅक डे’. ही स्पर्धा नव्हे. येथे कोणी पहिला नसतो, कोणी शेवटचा नसतो. आपली मोटार आणि आपण स्वतः यांच्या मर्यादा कोठे आहेत हे सुरक्षित जागी जाणून घेणे, हाच तिचा हेतू.

आपल्या देशात मोटार शर्यतींची परंपरा दक्षिणेत अधिक रुजली. मद्रासजवळ शोलावरम येथील दुसऱ्या महायुद्धकालीन विमानधावपट्टीवर अनेक दशके शर्यती होत. पुढे १९९० मध्ये श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टै येथे कायमस्वरूपी मार्ग उभा राहिला. कोईमतूरजवळचा कारी मोटर स्पीडवे २००३ साली सुरू झाला. शर्यतीच्या देशी मोटारी घडवणाऱ्या एस. करिवर्धन यांचे नाव त्याला दिलेले आहे. दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा येथे ५.१२५ किलोमीटर लांबीचे बुद्ध इंटरनॅशनल सर्किट बांधले गेले आणि ३० ऑक्टोबर २०११ रोजी तेथे भारतातील पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली. २०११, २०१२ आणि २०१३ या तिन्ही वर्षी सेबास्टियन फेटेल विजयी झाला.

मराठी मुलखात याचा गंध नाही असे कोणी समजू नये. आपल्यापासून दोन-अडीच तासांवर असलेले कोल्हापूर कुस्ती आणि फुटबॉलइतकेच मोटारवेडेही आहे. मोहिते रेसिंगच्या तेथील मार्गावर राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या आहेत. कोल्हापूरचाच कृष्णराज महाडिक २०१८ साली ब्रिटिश फॉर्म्युला थ्री मालिकेत उतरला होता. लोणावळ्याजवळील ॲम्बी व्हॅलीच्या विमानधावपट्टीवर सरळ रेषेतील वेगाच्या स्पर्धा भरल्या, त्या पाहण्यास आपल्याकडील अनेक तरुण गेले होते.

माझा स्वतःचा अनुभव बुद्ध सर्किटवरचा. दिल्लीजवळ नोकरीस असलेल्या माझ्या भाच्याला एका मोटार कंपनीच्या ट्रॅक डेचे निमंत्रण होते आणि सोबत एकाला नेण्याची मुभा होती. “मामा, तुम्ही आयुष्यभर मुलांच्या नाड्या मोजल्या, एकदा स्वतःची मोजून बघा,” असे म्हणून त्याने मला नेले. ही गोष्ट २०१८ सालची.

सकाळचा वर्ग

मोटारीत बसण्यापूर्वी तासभर वर्ग झाला. मला सर्वाधिक उद्बोधक वाटला तो हाच तास. प्रशिक्षकाने वेगाबद्दल चकार शब्द न काढता बसण्याच्या पद्धतीपासून सुरुवात केली. पाठ आसनाला पूर्ण टेकलेली हवी. ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. हात सरळ पुढे केला असता मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकले पाहिजे. घड्याळाच्या तबकडीवर नऊ आणि तीन वाजतात तेथे हात हवेत. डोके आसनाच्या उशीपासून फार दूर नको. आपल्यापैकी किती जण, वीस-पंचवीस वर्षे मोटार चालवूनही, अशा रीतीने बसतात?

दुसरा धडा टायरचा. दीड टनाची मोटार रस्त्याला चिकटून राहते ती केवळ चार तळव्यांएवढ्या रबराच्या बळावर. ब्रेक लावणे, वळणे आणि वेग घेणे ही तिन्ही कामे त्याच चार तळव्यांनी करायची असतात. टायरची पकड म्हणजे ठरावीक रकमेची पुंजी समजा. सगळी पुंजी ब्रेकवर खर्च केली, तर वळण्यासाठी काही शिल्लक उरत नाही. म्हणून शर्यतीतील चालक सरळ रेषेत असतानाच ब्रेक पुरा करतो, मग वळतो, आणि मोटार सरळ होऊ लागल्यावर पुन्हा वेग देतो. आपल्या घाटात नेमके उलटे घडते. वळणात शिरल्यावर चालकाला वेग अधिक झाल्याचे कळते, तो तेथेच ब्रेक दाबतो आणि गाडी कठड्याकडे जाते. बेळगावच्या पावसात हाच टायर झिजलेला असेल, तर रबर आणि डांबर यांच्यामध्ये पाण्याचा थर येऊन ही उरलीसुरली पुंजीही संपते.

तिसरा धडा नजरेचा. जेथे जायचे तेथे पाहा. अडथळ्याकडे टक लावून पाहिले, की हात नकळत त्याच दिशेने वळतात. नजर, मान आणि हात यांचे मेंदूतील संबंध आपण शरीरशास्त्रात शिकलो, पण त्याचे इतके व्यावहारिक प्रात्यक्षिक मी प्रथमच पाहत होतो.

त्यानंतर झेंड्यांची ओळख झाली. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका आहे, ओव्हरटेक करू नका. निळा म्हणजे मागून अधिक वेगवान मोटार येत आहे, वाट द्या. लाल म्हणजे सत्र थांबले. मार्गालगत झेंडेवाले उभे होते आणि रुग्णवाहिका इंजिन सुरू ठेवून सज्ज होती. प्रशिक्षकाने सांगितले, की रुग्णवाहिका काही कारणाने जागेवरून हलली, तर ती परत येईपर्यंत एकही मोटार मार्गावर सोडली जात नाही. हे वाक्य मी मनात कोरून ठेवले.

वेगाचा शरीरावर परिणाम

मला बसवले ती मोटार होती मर्सिडीज-एएमजी जीटी आर. चार लिटरचे आठ सिलिंडरांचे इंजिन, ५८५ अश्वशक्ती, आणि शून्यापासून ताशी १०० किलोमीटर गाठण्यास केवळ ३.६ सेकंद. गणित केले तर हे त्वरण गुरुत्वीय त्वरणाच्या सुमारे ०.८ पट भरते. म्हणजे पाठ टेकून बसलेल्या माणसाला आपल्या वजनाच्या ऐंशी टक्के भार कोणीतरी छातीवर ठेवला आहे असे जाणवते. या मोजमापास ‘जी’ म्हणतात. एक जी म्हणजे पृथ्वीचे नेहमीचे आकर्षण.

पहिल्या फेऱ्या प्रशिक्षकाने चालवल्या, मी शेजारी. मोटार सुटताच समोरचा रस्ता वर उचलला गेल्याचा भास झाला. हा भास कानाच्या आतील युट्रिकल या अवयवाचा खेळ. त्यातील सूक्ष्म खडे मागे सरकतात आणि शरीर मागे झुकले असो वा पुढे जोराने ढकलले गेले असो, मेंदूला संदेश एकच मिळतो. वैमानिकांना ढगांत हाच भास घातक ठरतो.

मागील बाजूचा सरळ रस्ता एक किलोमीटरहून थोडा अधिक लांब आहे. तेथे वेगदर्शकाचा काटा अडीचशेकडे झेपावला. परंतु माझ्या शरीराला खरा धक्का वेगाने दिला नाही, तो दिला ब्रेकने. वेग कितीही असो, तो स्थिर असेल तर शरीराला कळतही नाही. विमानात ताशी आठशे किलोमीटर वेगाने जाताना आपण चहा पितोच की! शरीराला कळतो तो वेगातील बदल. अशा मोटारी ताशी १०० किलोमीटरवरून सुमारे पस्तीस मीटरमध्ये थांबू शकतात. हे मंदन एक जीपेक्षा थोडे अधिक होते. माझे डोके आणि हेल्मेट मिळून साडेसहा किलो धरले, तर मानेच्या स्नायूंना सुमारे सात किलोचा भार आडवा पेलावा लागला. एवढ्यानेच दुसऱ्या दिवशी मान अवघडली. फॉर्म्युला वनचे चालक ब्रेक लावताना पाच जीच्या आसपास भार घेतात, म्हणजे मानेवर तीस किलोहून अधिक, आणि तोही प्रत्येक फेरीत अनेकदा. त्यांच्या माना कुस्तीगिरांसारख्या का असतात, याचे उत्तर यात आहे.

नंतर मी स्वतः चालवली, अर्थात पुष्कळच कमी वेगाने. मोटारीत बसण्यापूर्वी माझी नाडी ७६ होती, उतरल्यावर १२८. शारीरिक श्रम जेमतेम, पण ॲड्रिनॅलिनने आपले काम चोख बजावले होते. तळहात ओले, तोंड कोरडे आणि कालाचे भान सुटलेले. चार फेऱ्यांनंतर माझी एकाग्रता ढळू लागल्याचे प्रशिक्षकाने माझ्याआधी ओळखले आणि गाडी आत घेण्यास सांगितले. दमलेल्या माणसाला आपण दमलो आहोत हे उशिरा कळते. रात्रीचा प्रवास करणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानी ठेवावे.

वेगाचे गणित

गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे सूत्र आपण सर्वांनी अकरावीत पाठ केले आणि वैद्यकीय प्रवेश मिळताच विसरलो. वेग दुप्पट झाला, तर ऊर्जा चौपट होते. ही ऊर्जा उंचीवरून पडण्याच्या भाषेत मांडली, की डॉक्टरांना चटकन उमगते. ताशी ५० किलोमीटर वेगाने भिंतीवर आदळणे म्हणजे सुमारे दहा मीटरवरून, अर्थात तिसऱ्या मजल्यावरून पडणे. ताशी १०० किलोमीटर म्हणजे जवळजवळ चाळीस मीटर. विजापूरचा गोलघुमट सुमारे ५१ मीटर उंच आहे. त्याच्या माथ्यावरून पडणारी वस्तू जमिनीवर येताना ताशी ११४ किलोमीटर वेग घेते. आपल्या निपाणी-कोल्हापूर महामार्गावर हा वेग कोणालाही विशेष वाटत नाही. गोलघुमटाच्या माथ्यावर कठड्याविना उभे राहण्यास जो धजणार नाही, तो त्याच ऊर्जेनिशी पट्टा न बांधता निःशंक प्रवास करतो.

थांबण्याच्या अंतराचेही तसेच आहे. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद जातो असे धरू. कोरड्या रस्त्यावर चांगल्या कौटुंबिक मोटारीला ताशी ८० किलोमीटर वेगावरून थांबण्यास एकूण सुमारे ६५ मीटर लागतात, १०० वरून सुमारे ९० मीटर, तर १२० वरून सुमारे १२० मीटर. रात्री दिव्याविना उसाची ट्रॉली समोर उभी असेल, तर ती इतक्या अंतरावरून दिसते काय, याचे उत्तर प्रत्येकाने स्वतःस द्यावे.

डॉक्टरांनी शर्यती सुरक्षित केल्या

शर्यतीच्या मोटारींचा इतिहास अभियंत्यांचा तसाच आपल्या व्यवसायाचाही आहे.

अमेरिकी वायुदलातील डॉ. जॉन पॉल स्टॅप यांनी १० डिसेंबर १९५४ रोजी स्वतःला रॉकेटच्या घसरगाडीला बांधून घेतले. ताशी हजार किलोमीटरहून अधिक वेग घेऊन ती गाडी दीड सेकंदाच्या आत थांबली. त्यांच्या शरीराने ४६ जीहून अधिक मंदन सोसले. डोळ्यांत रक्तस्राव झाला, पण ते वाचले. योग्य रीतीने बांधलेले मानवी शरीर किती सोसू शकते हे यातून सिद्ध झाले आणि पुढे हेच डॉ. स्टॅप मोटारींतील पट्ट्यांचे कट्टर पुरस्कर्ते झाले. १९५९ मध्ये व्होल्वोचे अभियंते निल्स बोलिन यांनी आज आपण वापरतो तो तीन टोकांचा पट्टा सिद्ध केला आणि कंपनीने त्याचे पेटंट सर्वांना खुले ठेवले.

लंडनचे मज्जाशल्यविशारद डॉ. सिड वॉटकिन्स १९७८ मध्ये फॉर्म्युला वनचे वैद्यकीय प्रमुख झाले. त्याच वर्षी मोंझा येथे रॉनी पीटरसनला अपघात झाला आणि मदत पोहोचण्यास विलंब लागला. त्यानंतर शर्यतीच्या पहिल्या फेरीत सर्व मोटारींच्या मागे डॉक्टरांची मोटार धावेल, असा आग्रह त्यांनी धरला. १९९४ मध्ये इमोला येथे रोलँड रॅट्झेनबर्गर आणि आयर्टन सेन्ना लागोपाठच्या दोन दिवशी मृत्युमुखी पडले, तेव्हा नेमलेल्या सुरक्षा समितीची धुरा वॉटकिन्स यांच्याकडेच आली. मोटारींची रचना, कठडे, हेल्मेट, सर्वांचा फेरविचार झाला.

कवटीच्या तळाचा अस्थिभंग हे शर्यतींतील मृत्यूंचे एक मोठे कारण होते. पट्ट्याने धड जागेवर राहते, पण डोके पुढे फेकले जाते आणि सारा ताण कवटी व मान यांच्या सांध्यावर येतो. मिशिगन येथील जैवयांत्रिकीचे प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड यांनी आपले मेहुणे, चालक जिम डाउनिंग यांच्यासाठी खांद्यावर बसणारी व हेल्मेटला जोडलेली चौकट तयार केली. तिला ‘हान्स’ म्हणतात. २००३ पासून फॉर्म्युला वनमध्ये ती सक्तीची झाली. २०१८ मध्ये चालकाच्या डोक्याभोवती ‘हेलो’ हे कडे आले. २९ नोव्हेंबर २०२० रोजी बहारीन येथे रोमां ग्रोझांची मोटार ताशी १९२ किलोमीटर वेगाने कठड्यात घुसली, दुभंगली आणि पेटली. ६७ जीचा आघात सोसून, ज्वाळांत पाव मिनिटाहून अधिक काळ काढून हा माणूस हाताच्या भाजण्यावर सुटला. पहिल्या फेरीत मागे धावणारी डॉक्टरांची मोटार काही सेकंदांत तेथे पोहोचली होती.

यामागील तत्त्व एकच आहे. आघात टाळता येत नसेल, तर शरीर थांबण्यास अधिक अंतर आणि अधिक वेळ द्या, आणि आघात शरीराच्या बळकट भागांवर पसरवा. मोटारीचा पुढचा भाग चुरगळतो तो याचसाठी. पट्टा किंचित ताणतो तोही याचसाठी.

मांडीवरचे मूल

आता आपल्या अंगणात येऊ. वरील तत्त्व मुलांना लावून पाहा.

दहा किलोचे, वर्षभराचे मूल आईच्या मांडीवर पुढच्या आसनावर बसले आहे. मोटार ताशी केवळ ५० किलोमीटर वेगाने आदळली आणि चुरगळत साठ सेंटिमीटरमध्ये थांबली. मंदन सुमारे सोळा जी होते. त्या मुलाला धरून ठेवण्यासाठी आईच्या हातांना एकशे साठ किलोहून अधिक ताकद हवी, तीही पूर्वसूचनेविना. जगातील कोणत्याही मातेला हे शक्य नाही. मूल सुटते आणि डॅशबोर्डवर आदळून दहा सेंटिमीटरमध्ये थांबते. आता आघात जवळजवळ एक टनाचा झाला. आईने पट्टा बांधला नसेल, तर तिचे वजनही मागून मुलावर येते. पट्टा आई आणि मूल दोघांभोवती एकत्र बांधला, तर तोच पट्टा मुलाच्या पोटात रुततो.

मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ नव्हे, हे वाक्य आपण विद्यार्थ्यांना नित्य ऐकवतो. नवजात अर्भकाचे डोके शरीराच्या लांबीच्या एक चतुर्थांश असते, प्रौढाचे सुमारे एक अष्टमांश. मानेचे अस्थिबंध सैल, मणक्यांचे सांधे आडवे, स्नायू दुबळे. प्रौढाची मान पाचव्या-सहाव्या मणक्याशी वाकते, तर अर्भकाची दुसऱ्या-तिसऱ्याशी, श्वसनाची सूत्रे जेथून जातात त्या मज्जारज्जूच्या भागाजवळ. म्हणून लहान मुलाचे आसन मागे तोंड करून असावे. आघात पाठ, डोके आणि मान यांवर समान पसरतो. स्वीडनचे डॉ. बर्टिल आल्डमन यांना ही कल्पना १९६०च्या दशकात जेमिनी अंतराळयानातील आसनांवरून सुचली. अंतराळवीराला जे लागू, तेच सहा महिन्यांच्या बाळाला. असे आसन एअरबॅग असलेल्या पुढच्या जागेवर मात्र कदापि ठेवू नये.

सहा-सात वर्षांच्या मुलाची अडचण वेगळी. त्याच्या कटिअस्थीचा पुढचा कंगोरा पुरेसा वाढलेला नसतो. कमरेचा पट्टा त्यावर टिकत नाही, वर सरकतो आणि पोटात रुततो. आतड्याच्या जखमा आणि कण्याचा आडवा अस्थिभंग, ज्याचे वर्णन चान्स यांनी १९४८ मध्ये केले, एकत्र दिसतात. मूल थोडे उंच बसवणारे साधे बूस्टर आसन हा धोका पुष्कळ कमी करते.

माझ्या आयुष्यातील एक रुग्ण मला विसरता येत नाही. आठ महिन्यांची मुलगी, आजोळाहून परतताना आईच्या मांडीवर पुढे बसलेली. पुढे म्हैस आली, चालकाने ब्रेक दाबला, गाडी झाडाला लागली. वेग फार नव्हता. गाडीची दुरुस्ती आठवड्यात झाली, मोठ्यांना खरचटलेसुद्धा नाही. मुलीच्या मानेचा मज्जारज्जू दुखावला होता. तिसऱ्या दिवशी ती गेली. तिच्या आईने मला विचारले, “डॉक्टर, मी इतकं घट्ट धरलं होतं, तरी कशी सुटली?” वर मांडलेले गणित हे त्या प्रश्नाचे उत्तर आहे. त्या दिवशी ते सांगण्यात अर्थ नव्हता. ते सांगायचे असते आधी.

आपले काम

कायदा आता पुरेसा स्पष्ट आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बाल-आसनाविना नेल्यास एक हजार रुपये दंड आहे. दुचाकीवर चार वर्षांवरील प्रत्येकास हेल्मेट आवश्यक आहे. १५ फेब्रुवारी २०२३ पासून चार वर्षांखालील मुलाला चालकाशी जोडणारा सुरक्षा पट्टा, नऊ महिन्यांवरील अशा मुलांस हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा लागू आहे. अल्पवयीन मुलाच्या हाती वाहन दिल्यास पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजारांचा दंड होऊ शकतो. तरीही १९ मे २०२४ रोजी पुण्याच्या कल्याणीनगरात, सतरा वर्षांचा मुलगा चालवत असल्याची नोंद पोलिसांनी केलेल्या पोर्श मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचे प्राण गेले. मागच्या आसनावर पट्टा लागत नाही हा समजही तितकाच घातक. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघरजवळील अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री मृत्युमुखी पडले, ते मागच्या आसनावर पट्ट्याविना बसले होते.

किशोरवयीन मुलांचे वेगाचे वेड उपदेशाने जात नाही. मेंदूतील पारितोषिकाची यंत्रणा चौदाव्या-पंधराव्या वर्षी प्रखर होते, आवर घालणारा पुढचा भाग मात्र पंचविशीपर्यंत पक्व होत राहतो. अशा मुलाला कोल्हापूरच्या कार्टिंगच्या मार्गावर जरूर न्यावे. तेथे हेल्मेट घातल्याशिवाय बसू देत नाहीत, झेंडा पाळला नाही तर बाहेर काढतात, आणि समोरून ट्रक येत नाही. एक मात्र आवर्जून सांगावे, की मार्गावर आलेला आत्मविश्वास मार्गावरच ठेवून यायचा असतो. तेथील वळण आपण दहा वेळा पाहिलेले असते. वेंगुर्ला रस्त्याच्या वळणापलीकडे काय आहे, हे कोणालाच ठाऊक नसते.

आपल्या पातळीवर चार गोष्टी सहज करता येतील. एक, प्रसूतीनंतर घरी निघणाऱ्या मातेस, बाळ कोणत्या वाहनातून आणि कसे नेणार, हे विचारावे. बाळ आणि पुढचे आसन यांची गाठ पडू नये, एवढे तरी तेथेच सांगून टाकावे. दोन, लसीकरणाच्या पुस्तिकेत दीड, अडीच व साडेतीन महिन्यांच्या भेटींबरोबर प्रवासाच्या सुरक्षिततेचे एक वाक्य लिहावे. तीन, बाल-आसन महाग वाटते, आणि मूल वाढले की ते माळ्यावर जाते. पाळणा जसा या घरातून त्या घरात जातो, तसे ते भावंडांत, शेजाऱ्यांत फिरावे. मात्र अपघातात सापडलेले आसन पुन्हा वापरू नये. चार, मंगळवारी व शुक्रवारी मळेकरणी देवीस येणाऱ्या भाविकांच्या वाहनांनी उचगावचे रस्ते भरून जातात. टेम्पोच्या हौद्यात मुलांना उभे करून आणू नये, असा एक फलक आपल्या संस्थेच्या नावाने तेथे लावता येईल.

बुद्ध सर्किटवर पाचशे पंच्याऐंशी अश्वशक्तीच्या मोटारीत, निष्णात प्रशिक्षकाशेजारी, समोरून एकही वाहन येण्याची शक्यता नसताना, रुग्णवाहिका सज्ज असताना, माझा पट्टा दोन माणसांनी तपासला आणि मगच गाडी हलली. बेळगाव ते उचगाव हा रस्ता त्या मार्गाहून अधिक धोक्याचा आहे, आणि त्या रस्त्यावर पट्टा तपासणारा कोणी नाही. ते काम आई-बापांनी करायचे आहे, आणि त्यांना त्याची आठवण देण्याचे काम आपले.